शाळेच्या संगणक कक्षात लॉगिनलाच अकरा मिनिटे लागतात. कारण कसे शोधावे?

संगणककक्ष (धागाकर्ती)

नमस्कार. मी पुण्याच्या मध्यवस्तीतील एका माध्यमिक शाळेत संगणक विषय शिकवते आणि संगणक कक्षाची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. कक्ष दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तेथे ४० संगणक आहेत. सर्व्हर तळमजल्यावर कार्यालयाशेजारच्या खोलीत आहे. सर्व संगणकांवर विंडोज १० असून ते एका डोमेनला, म्हणजे सर्व्हरवरून एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या गटाला, जोडलेले आहेत. आठवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे लॉगिन दिलेले आहे, म्हणजे मूल कोणत्याही संगणकावर बसले तरी त्याला त्याचाच डेस्कटॉप आणि त्याच्याच फाइली दिसतात.

तासिका ३५ मिनिटांची असते. मुले दोन जिने चढून येतात, बूट बाहेर काढतात, आपापल्या जागी बसतात, यात पाच मिनिटे जातात. मग सगळे एकदमच पासवर्ड टाकतात. पहिल्या मुलाचा डेस्कटॉप उघडायला साधारण पाच मिनिटे लागतात आणि शेवटच्या मुलाचा उघडतो तेव्हा अकरा मिनिटे होऊन गेलेली असतात. तास संपताना लॉगआउटलाही जवळपास तेवढाच वेळ लागत असल्यामुळे मला दहा मिनिटे आधीच काम थांबवायला सांगावे लागते. हिशेब केला तर ३५ मिनिटांतली नऊ-दहा मिनिटेच शिकवण्यासाठी उरतात, आणि प्रत्येक तुकडीला आठवड्यातून दोनच तासिका मिळतात.

मागच्या आठवड्यात आठवी ब मधील एका मुलीने स्क्रीनवरचे गोल फिरत असताना पायथॉनचा छोटा प्रोग्राम वहीत पेन्सिलीने पूर्ण लिहून काढला, दोनदा तपासला, आणि डेस्कटॉप उघडल्यावर तो टाइप करायला घेतला. शेवटच्या दोन ओळी राहिल्या असताना मला लॉगआउट करायला सांगावे लागले. तो प्रोग्राम चालतो की नाही हे तिला त्या दिवशी कळलेच नाही. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

देखभालीचा वार्षिक करार ज्यांच्याकडे आहे त्यांचे म्हणणे असे की सर्व्हर जुना झाला आहे, तो बदलल्याशिवाय फरक पडणार नाही. त्यांनी कोटेशनही दिले आहे. मुख्याध्यापकांनी मला एकच प्रश्न विचारला, की नवा सर्व्हर घेतल्यावर नक्की किती मिनिटे वाचतील. मला उत्तर देता आले नाही. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मी एकटीने एका विद्यार्थ्याच्या लॉगिनने एकाच संगणकावर वेळ मोजली. ती २ मिनिटे २० सेकंद भरली. यापुढे काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मुळामुठा

मॅडम, संगणकांत रॅम किती आहे आणि हार्ड डिस्क आहे की एसएसडी? आमच्या सोसायटीच्या वाचनालयात चार संगणक असेच रखडत होते. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यावर त्यांचा नूर पालटला. सर्व्हरचा खर्च करण्याआधी हे पाहावे, असे मला वाटते.

संगणककक्ष (धागाकर्ती)

आपल्या सूचनेबद्दल आभारी आहे. दोन वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून सर्व संगणकांत एसएसडी बसवून घेतल्या आणि रॅम ८ जीबी केली. त्यामुळे संगणक सुरू होण्याचा वेळ खूपच कमी झाला, पण पासवर्ड टाकल्यानंतरचा वेळ जवळजवळ जसाच्या तसा राहिला.

तांब्याची_तार

मी गेली अनेक वर्षे कार्यालयांच्या नेटवर्कचे काम करतो. मॅडम, आपण शनिवारी एकटीने लॉगिन करून पाहिलेत हे फार महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे एका प्रश्नाचे दोन प्रश्न झाले. एकाच संगणकाला, नेटवर्क मोकळे असताना, २ मिनिटे २० सेकंद लागतात, याचा अर्थ त्या संगणकाला कशाची तरी वाट पाहावी लागते आणि त्या वाट पाहण्याचा गर्दीशी संबंध नाही. उलट ४० जण एकदम आल्यावर तोच वेळ अकरा मिनिटांवर जातो, तेव्हा काहीतरी सर्वांना वाटून घ्यावे लागते आणि ते पुरत नाही. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधेही वेगळीच असतील. सर्व्हर बदलून पहिले दुखणे बहुधा जाणार नाही.

पासवर्ड टाकल्यावर काय काय घडते ते क्रमाने सांगतो. आधी संगणक डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारून डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर, शोधतो आणि पासवर्डची खातरजमा करून घेतो. मग विद्यार्थ्याचे प्रोफाइल, म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, सेटिंग्ज असे सगळे, सर्व्हरवरून खाली उतरवतो. त्यानंतर त्या विद्यार्थ्याला लागू असलेली ग्रुप पॉलिसी, म्हणजे सर्व्हरवरून ठरवून दिलेल्या सेटिंग्ज, अमलात आणतो. नेटवर्क ड्राइव्ह (सर्व्हरवरचे फोल्डर) जोडणे, प्रिंटर जोडणे ही कामे यात येतात. सगळ्यात शेवटी डेस्कटॉप दिसतो. यांतला कोणता टप्पा किती वेळ खातो याची नोंद विंडोज स्वतःच ठेवते, त्यामुळे आपल्याला अंदाज करत बसण्याची गरज नाही.

शनिवारी वापरलेल्या त्याच संगणकावर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात ग्रुप पॉलिसी आणि त्यात ऑपरेशनल अशी वाट आहे. तेथे ८००१ क्रमांकाच्या नोंदीत वापरकर्त्याच्या पॉलिसीला एकूण किती सेकंद लागले ते मिळेल. त्याच्या आधीच्या ५०१६ क्रमांकाच्या नोंदी एकेक करून वाचा. ड्राइव्ह, प्रिंटर, स्क्रिप्ट अशा प्रत्येक घटकाला लागलेला वेळ त्यांत मिलिसेकंदांत दिलेला असतो. प्रोफाइलसाठी त्याच यादीत यूझर प्रोफाइल सर्व्हिस आहे. तेथे १ आणि २ क्रमांकाच्या नोंदींमधले अंतर पाहा. शिवाय कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग ऑल देऊन डीएनएस सर्व्हरच्या ओळीत काय दिसते तेही कळवा.

संगणककक्ष (धागाकर्ती)

आज मधल्या सुट्टीत १७ क्रमांकाच्या संगणकावर बसून आपण सांगितल्याप्रमाणे शनिवारच्या नोंदी वाचल्या. इतकी माहिती इतके दिवस तेथेच पडून होती, हे पाहून मी थक्क झाले.

प्रोफाइलला १९ सेकंद लागले होते. ८००१ च्या नोंदीत ९८ सेकंद आहेत. त्यांतले ६२ सेकंद एकट्या प्रिंटरच्या घटकाने घेतले आणि २४ सेकंद नेटवर्क ड्राइव्हच्या घटकाने; बाकी सर्व घटकांचे मिळून १२ सेकंद होतात. डीएनएसच्या ओळीत दोन पत्ते दिसतात. पहिला आमच्या सर्व्हरचा आहे आणि दुसरा इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक डीएनएसचा. सर्व्हर बंद पडला तरी इंटरनेट चालू राहावे म्हणून तो घातला होता, असे चौकशी केल्यावर समजले.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. अधूनमधून काही संगणकांवर मुलाचा डेस्कटॉप पूर्ण रिकामा उघडतो, पी ड्राइव्ह दिसत नाही, आणि संगणक पुन्हा सुरू केला की सगळे ठीक होते. याचा या प्रकरणाशी संबंध असू शकेल का?

जुना_सर्व्हर

संबंध आहे, आणि तो त्या दुसऱ्या पत्त्याशी आहे. मी निवृत्त झालो असलो तरी नोकरीच्या काळात ही एक चूक इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

पुष्कळांची समजूत अशी असते की दुसरा डीएनएस पत्ता म्हणजे राखीव गडी, पहिला आजारी पडला तरच तो मैदानात उतरणार. प्रत्यक्षात सकाळी ४० संगणक एकदम सुरू झाले आणि पहिल्या सर्व्हरला उत्तर द्यायला क्षणभर उशीर झाला, तरी विंडोज दुसऱ्याला विचारते. आपल्या शाळेच्या डोमेनचा सर्व्हर कोणता हे इंटरनेटवरच्या डीएनएसला ठाऊक असण्याचे कारणच नाही, म्हणून तो 'असे नाव अस्तित्वात नाही' असे उत्तर देतो. हे उत्तर नकाराचे असले तरी विंडोजच्या दृष्टीने ते उत्तरच आहे; त्यामुळे ते पहिल्याकडे परत जाऊन खात्री करून घेत नाही, आणि काही काळ तो नकार लक्षातही ठेवते. मग डोमेन कंट्रोलर सापडत नाही, संगणक वाट पाहत राहतो, शेवटी जुन्या साठवलेल्या ओळखीवर मुलाला आत घेतो किंवा तात्पुरते प्रोफाइल देतो. आपण म्हणता तो रिकामा डेस्कटॉप यातूनच येत असावा. सिस्टिम लॉगमध्ये त्या संगणकांवर १०५४ किंवा ५७१९ क्रमांकाच्या नोंदी आहेत का ते पाहावे.

डोमेनमधील संगणकांना फक्त डोमेनचाच डीएनएस द्यावा. इंटरनेटवरची नावे शोधण्यासाठी त्या सर्व्हरच्या डीएनएस सेवेत फॉरवर्डर म्हणून बाहेरचा पत्ता घालावा. तो पत्ता असण्याची योग्य जागा तीच आहे. आपल्याकडे संगणकांना आयपी पत्ते, आणि त्यांच्याबरोबर डीएनएसचा पत्ता, सर्व्हर वाटतो की इंटरनेटचा राउटर, हेही तपासा. राउटर वाटत असेल तर बदल त्याच्यात करावा लागेल. सर्व्हर बंद पडण्याची चिंता रास्त आहे, परंतु तिचा उपाय दुसरा डोमेन कंट्रोलर उभा करणे हा आहे. त्यासाठी एखादा जुना पण धडधाकट संगणकही पुरतो.

तांब्याची_तार

जुना_सर्व्हर सरांशी पूर्ण सहमत. आता त्या ६२ सेकंदांकडे वळू. कोणता तरी प्रिंटर असा आहे की ज्याचा मालक संगणक आता नेटवर्कवर नाही. ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंटमध्ये यूझर कॉन्फिगरेशन, प्रेफरन्सेस, कंट्रोल पॅनल सेटिंग्ज, प्रिंटर्स या ठिकाणी पाहा. प्रत्येक प्रिंटरपुढे कृती लिहिलेली असते. ती 'रिप्लेस' असेल तर दर लॉगिनला प्रिंटर काढून पुन्हा जोडला जातो. म्हणजे प्रिंटर जिवंत असला तरी वेळ जातोच, आणि मेलेला असेल तर संगणक कंटाळून नाद सोडेपर्यंत थांबावे लागते. ड्राइव्ह मॅप्समध्येही तसाच एखादा जुना पत्ता सापडेल.

एरवी विंडोज ही कामे मागे ढकलून डेस्कटॉप आधी दाखवू शकते. परंतु वापरकर्त्याचे प्रोफाइल आपल्यासारखे रोमिंग, म्हणजे सर्व्हरवर राहून तो बसेल त्या संगणकावर उतरणारे, असेल तर तशी सवलत मिळत नाही; सगळी पॉलिसी पुरी होईपर्यंत त्याला दाराबाहेरच थांबवले जाते. हाच मेलेला प्रिंटर शिक्षकांच्या खोलीतील संगणकांवरही असेल, पण तेथे त्याचा त्रास कुणाच्या लक्षात आला नसेल.

संगणककक्ष (धागाकर्ती)

आपण दोघांनी वर्तवलेले तंतोतंत खरे निघाले. ४० पैकी ७ संगणकांवर गेल्या आठवड्यातील १०५४ क्रमांकाच्या नोंदी सापडल्या. आयपी पत्ते राउटरच वाटत होता. ते काम आता सर्व्हरकडे दिले, फक्त सर्व्हरचाच डीएनएस ठेवला आणि फॉरवर्डर घातला.

प्रिंटरच्या यादीत चार नावे होती. त्यांतले दोन प्रिंटर ज्या संगणकाला जोडलेले होते तो संगणक कार्यालयाने केव्हाच मोडीत काढला आहे. पण त्याचे नाव विद्यार्थ्यांच्या पॉलिसीत होते आणि चारही नावांपुढे 'रिप्लेस' होते. मुलांना मुळात एकाच प्रिंटरची गरज आहे. तो 'अपडेट' करून ठेवला, बाकीचे तीन काढून टाकले. ड्राइव्हमध्ये एस अक्षराचा एक ड्राइव्ह आधीच्या सर्व्हरच्या नावावर होता, तोही काढला.

आज शाळा सुटल्यावर त्याच १७ क्रमांकाच्या संगणकावर, त्याच लॉगिनने ५४ सेकंद लागले. मात्र नववी अ च्या तासिकेला शेवटच्या मुलाला अजूनही नऊ मिनिटे लागली. म्हणजे पहिले दुखणे गेले आणि दुसरे राहिले, असे समजायचे का?

तांब्याची_तार

तसेच समजा. आता दोन आकडे द्या. सर्व्हरवरच्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये एका वर्गाच्या मुलांच्या प्रोफाइलचा आकार सरासरी किती आहे? आणि सर्व्हरवरची एक जीबीची फाइल, शाळा रिकामी असताना, कक्षातल्या एका संगणकावर कॉपी करून घड्याळ लावा.

संगणककक्ष (धागाकर्ती)

नववी अ ची सरासरी १२० एमबी निघाली. काही मुलांचे ४०० च्या वर आहे, कारण स्नेहसंमेलनाच्या नाचांचे व्हिडिओ त्यांनी डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये ठेवले आहेत. एक जीबीची फाइल कॉपी व्हायला दीड मिनिट लागले.

तांब्याची_तार

मग हिशेब अगदी सरळ आहे. एक जीबीला दीड मिनिट म्हणजे सेकंदाला साधारण ११ एमबी. १०० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटच्या (आठ बिटांचा एक बाइट), जोडणीतून प्रत्यक्षात एवढाच माल जातो. नववी अ चे ४० विद्यार्थी प्रत्येकी १२० एमबी मागतात, म्हणजे एकूण ४,८०० एमबी. भागिले ११, उत्तर ४३६ सेकंद, म्हणजे सव्वासात मिनिटे. त्यात आपले ५४ सेकंद आणि सर्व्हरच्या डिस्कवर एकाच वेळी ४० ठिकाणी वाचण्याची ओढाताण मिळवली की नऊ मिनिटे होतात. लॉगआउटच्या वेळी बदललेल्या फाइली उलट दिशेने सर्व्हरकडे जातात, म्हणून तेथेही वेळ लागतो.

यात सर्व्हरचा प्रोसेसर कोठेच आला नाही. नवा सर्व्हर आणला असता तरी त्याच अरुंद बोळातून तेवढाच माल गेला असता.

एक शंका मात्र आहे. मूल रोज त्याच संगणकावर बसले तर आधीची प्रत संगणकावरच असते आणि फक्त बदललेल्या फाइली याव्या लागतात. आपल्याकडे लॉगआउटनंतर स्थानिक प्रत पुसण्याची पॉलिसी लावलेली आहे का?

संगणककक्ष (धागाकर्ती)

होय, लावलेली आहे. एसएसडी १२० जीबीच्या आहेत आणि शेकडो मुलांची प्रोफाइल साचून त्या भरल्या होत्या, म्हणून ती लावली. शिवाय जागा हजेरी क्रमांकाने दिल्या तरी एखादा संगणक बंद असला की मुले सरकतात.

पाचवी_ते_दहावी

मी पिंपरी-चिंचवडमधील एका शाळेत हेच काम करतो. आमच्याकडे आम्ही रोमिंग प्रोफाइलच बंद करून टाकले आणि सर्वांना मँडेटरी प्रोफाइल दिले. एक नमुना प्रोफाइल तयार करायचे, त्यातील एनटीयूझर डॉट डॅट या फाइलचे नाव बदलून एनटीयूझर डॉट मॅन करायचे, की मग प्रत्येक मुलाला दर वेळी तोच कोरा डेस्कटॉप मिळतो आणि त्याने काहीही विस्कटले तरी लॉगआउटबरोबर ते नाहीसे होते. आमचे नमुना प्रोफाइल फार लहान आहे. मुलांना फाइली केवळ नेटवर्क ड्राइव्हवर ठेवायला शिकवले आहे. मॅडमनी हाच मार्ग घ्यावा, असे मी सुचवेन. फोल्डरच्या नावाला मात्र आवृत्तीचा प्रत्यय लागतो, तो विसरू नये. विंडोज १० च्या १६०७ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना व्ही६ लागतो.

जुना_सर्व्हर

सरांचा मार्ग चोख आहे आणि लहान वर्गांसाठी मीही तोच सांगेन. परंतु नववी-दहावीच्या मुलांच्या बाबतीत मला वेगळे वाटते. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल लॉगआउट करताच कायमची जाते, हे ४० मुलांना कितीही वेळा सांगितले तरी प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या दिवशी कुणाचे तरी काम जाणारच, आणि ते मूल रडवेले होऊन आपल्यासमोर उभे राहणार. मी हे कार्यालयांतल्या मोठ्या माणसांच्या बाबतीतही पाहिले आहे. चूक पोटात घालणारी व्यवस्था करता येत असेल तर ती करावी.

म्हणून रोमिंग प्रोफाइल राहू द्यावे, पण त्यातला जड भाग बाहेर काढावा. फोल्डर रीडायरेक्शन वापरून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे चार फोल्डर सर्व्हरवरच ठेवावेत. मुलाला ते नेहमीच्याच जागी दिसतात, पण लॉगिनच्या वेळी ते उतरत नाहीत. जी फाइल उघडली तेवढीच तारेवरून येते. आपले १२० एमबीचे प्रोफाइल १५-२० एमबीवर येईल, असा माझा अंदाज आहे.

दोन ठिकाणी सावध राहावे. रीडायरेक्शन लावल्यावर पहिल्या लॉगिनला जुन्या फाइली हलवल्या जातात आणि ते लॉगिन आजच्यापेक्षाही सावकाश होते. म्हणून सर्व वर्गांना एकदम लावू नये. दुसरे असे की विंडोज असे फोल्डर आपोआप ऑफलाइन वापरासाठी संगणकावर साठवू लागते, म्हणजे जे टाळायचे तेच मागच्या दाराने आत येते. 'रीडायरेक्ट केलेले फोल्डर आपोआप ऑफलाइन उपलब्ध करू नये' अशी पॉलिसी आहे, ती आधी चालू करावी. प्रत्येक मुलाला कोटाही ठरवून द्यावा.

पाचवी_ते_दहावी

जुना_सर्व्हर सरांचा मुद्दा मान्य आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी दोन मुलींचे विज्ञान प्रदर्शनाचे सादरीकरण असेच गेले होते. मोठ्या वर्गांसाठी रीडायरेक्शनच योग्य ठरेल.

तांब्याची_तार

रीडायरेक्शन जरूर करा, पण सेकंदाला ११ एमबी हा आकडा मला अस्वस्थ करतो आहे. आपले स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेट्या, कोणत्या वेगाचे आहेत?

संगणककक्ष (धागाकर्ती)

कक्षातील दोन्ही स्विच आणि खालचा स्विच, तिन्ही गिगाबिटचे, म्हणजे १,००० एमबीपीएसचे आहेत. बिलांवर तसे लिहिलेले आहे.

तांब्याची_तार

मग तळमजला आणि दुसरा मजला यांना जोडणाऱ्या केबलकडे पाहा. गिगाबिटला केबलमधील चारही जोड्या लागतात. १०० एमबीपीएसचे काम केशरी आणि हिरव्या अशा दोनच जोड्यांवर भागते. निळ्या किंवा तपकिरी जोडीतील एक तार जरी तुटली असेल तरी दोन्ही टोकांचे स्विच मुकाट्याने १०० वर उतरतात. दिवे लुकलुकत राहतात, इंटरनेट चालते, आणि कुणाला काही कळत नाही. शाळा सुटल्यावर वरच्या स्विचमधून ती केबल काढून गिगाबिट पोर्ट असलेल्या लॅपटॉपला लावा आणि नेटवर्कच्या स्थितीत वेग किती दिसतो ते पाहा.

संगणककक्ष (धागाकर्ती)

लॅपटॉपवर १०० एमबीपीएस दिसले. तीच पॅच कॉर्ड वापरून कक्षातल्या स्विचला लॅपटॉप जोडला तेव्हा १ जीबीपीएस दिसले, म्हणजे लॅपटॉपचा दोष नव्हता.

त्यानंतर आमच्या शाळेतील शिपाई मामांनी शिडी धरली आणि मी जिन्यातील केसिंग पट्टी पहिल्या मजल्यापासून उघडत गेले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जेथे दिवाळीच्या सुट्टीत रंगकाम झाले होते, तेथे पट्टी पुन्हा बसवताना मारलेला स्क्रू थेट केबलमध्ये शिरलेला होता. बाहेरचे आवरण दाबले गेले होते आणि आत तपकिरी जोडीतली एक तार कापली गेली होती. तांब्याचे टोक उघडे दिसत होते. आठवून पाहिले तर शेवटच्या मुलाची वेळ सात मिनिटांवरून अकरा मिनिटांवर गेली ती दिवाळीनंतरच. आम्ही मात्र तो सर्व्हरच्या वयाचा दोष मानला.

शनिवारी तपकीर गल्लीतून कॅट ६ ची ४५ मीटर केबल आणली. मामांनी आणि मी मिळून ती नव्या वाटेने, भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातून नेली. टोके क्रिम्प करण्यासाठी एक माजी विद्यार्थी येऊन गेला आणि त्याने टेस्टरवर आठही तारा तपासून दाखवल्या. एक जीबीची तीच फाइल आता दहा सेकंदांत उतरते.

मुळामुठा

हा धागा रोज वाचत होतो. रॅम आणि एसएसडी यांच्यापलीकडे माझा विचार गेला नव्हता, त्यामुळे पुष्कळ शिकायला मिळाले. रीडायरेक्शन झाल्यावरचे आकडेही कृपया लिहावेत.

संगणककक्ष (धागाकर्ती)

रीडायरेक्शन आधी नववी अ ला, मग एकेका दिवसाने एकेका तुकडीला लावले. ऑफलाइनची पॉलिसी आधी चालू केली. प्रत्येक मुलाला १ जीबीचा कोटा दिला. नाचांचे व्हिडिओ सांस्कृतिक विभागाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले, मुलांना विचारूनच. प्रोफाइलची सरासरी १८ एमबीवर आली.

आज आठवी ब च्या तासिकेला मी स्टॉपवॉच घेऊन उभी होते. शेवटच्या मुलाचा डेस्कटॉप १ मिनिट २० सेकंदांनी उघडला. लॉगआउटला सर्वांचे मिळून अर्धे मिनिटही लागले नाही. मुख्याध्यापकांना आकड्यांचा कागद दिला. त्यांनी नव्या सर्व्हरचे कोटेशन बाजूला ठेवले आणि त्या रकमेचा वेगळा विचार करू, असे सांगितले. मी ज्या मुलीविषयी लिहिले होते, तिचा प्रोग्राम आज चालला. पहिल्यांदा चुकीचे उत्तर आले, कारण एका ओळीचे इंडेंटेशन चुकले होते. ती चूक तिने स्वतः शोधली, दुरुस्त केली, आणि नंतर शेजारच्या मुलाची चूक शोधायला वळली. तेव्हा तासिकेची अकरा मिनिटे अजून बाकी होती.

जुना_सर्व्हर

मॅडम, वाचून अतिशय समाधान वाटले. त्या रकमेबाबत दोन गोष्टी सुचवतो. विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे ४० पैकी किती संगणक विंडोज ११ ला पात्र आहेत, म्हणजे त्यांत टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि मान्य यादीतला प्रोसेसर आहे का, हे मोजून ठेवावे. खर्चाची खरी गरज तेथे असेल. दुसरे, राहिलेल्या रकमेतून आधी बॅकअपची सोय करावी. आता मुलांचे सगळे काम एकाच सर्व्हरवर आले आहे.

संगणककक्ष (धागाकर्ती)

दोन्ही गोष्टी उद्याच्या बैठकीच्या टिपणात घेतल्या आहेत. तूर्त रोज रात्री एका बाहेरच्या डिस्कवर बॅकअप लावला आहे आणि शुक्रवारी ती डिस्क दुसऱ्या डिस्कने बदलून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवायची, असे ठरवले आहे. नव्या केबलच्या दोन्ही टोकांना 'सर्व्हर ते संगणक कक्ष' अशी चिठ्ठी लावली, आणि रंगकाम करणाऱ्यांसाठी पट्टीवरही लाल अक्षरांत लिहून ठेवले आहे.